राजकारण, ऊर्जा, विज्ञान, तंत्रज्ञान: रोजच्या बातम्यांचा आढावा आणि त्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवसभरात आलेल्या शेकडो बातम्यांतून वीस-पंचवीस निवडायच्या, त्या विषयवार लावायच्या आणि प्रत्येकीला दोन-चार ओळी द्यायच्या, असं दैनिक आढाव्याचं काम असतं. असा आढावा वाचणारे आणि स्वतः तयार करू पाहणारे, दोघांचेही प्रश्न बरेचसे सारखे असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हे चार विषय एकत्र का? राजकारणाच्या शेजारी विज्ञान कशाला?

कारण आज यातली कुठलीही मोठी बातमी एका विषयात मावत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड केंद्रातली १ क्रमांकाची अणुभट्टी पुन्हा सुरू करण्याचा करार जाहीर झाला. ती २०१९ मध्ये बंद झाली होती. क्षमता साधारण ८३५ मेगावॉट, आणि २० वर्षं तिची वीज विकत घेणार मायक्रोसॉफ्ट. मागणी आली डेटा सेंटरमुळे, परवानगी देणार सरकारी नियामक. लोकांच्या मनातली भीती आहे ती १९७९ मध्ये शेजारच्या २ क्रमांकाच्या भट्टीत झालेल्या अपघाताची. ही बातमी नुसती 'ऊर्जा' या मथळ्याखाली वाचली, तर ही भट्टी आत्ताच का जागी होते आहे ते कळतच नाही.

चिपचंही तसंच. ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या बनवण्याची यंत्रं चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. चिपवर सर्वांत बारीक नक्षीकाम करणारी टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) किरणांची यंत्रं जगात नेदरलँड्समधली एएसएमएल ही एकच कंपनी बनवते. त्यामुळे तिथल्या सरकारचा निर्यात परवान्याबद्दलचा निर्णय ही तंत्रज्ञानाची पहिल्या पानावरची बातमी ठरते.

बातमी निवडताना कोणती कसोटी लावावी?

एकच प्रश्न विचारावा: काल ही गोष्ट ज्या पायरीवर होती, तिथून आज ती हलली का?

चारही विषयांत पायऱ्या असतात. कायद्याच्या बाबतीत मसुदा, विधेयक, सभागृहाची मंजुरी, सही, अधिसूचना, नियम आणि मग पैशांची तरतूद. वीज प्रकल्पाच्या बाबतीत घोषणा, करार, परवानग्या, कर्जाची व्यवस्था, बांधकाम, ग्रिडशी जोडणी. संशोधनात प्रीप्रिंट (म्हणजे तपासणीआधीच खुला केलेला निबंध), तज्ज्ञांकडून तपासणी, प्रकाशन, दुसऱ्या प्रयोगशाळेत तोच निकाल. तंत्रज्ञानात नमुना, चाचणी, कारखाना, बाजार. बहुतेक मथळे पहिल्या पायरीवर असतानाच शेवटची पायरी गाठल्यासारखे लिहिले जातात. आढावा करणाऱ्याने निदान पायरीचं नाव तरी अचूक लिहिलं पाहिजे. 'प्रकल्प उभारणार' हे वाक्य 'प्रकल्पासाठी सामंजस्य करार झाला' असं लिहिलं की वाचकाला खरी बातमी मिळते. ती बहुधा लहान निघते, पण तेवढीच घडलेली असते.

नेत्याचं विधान, त्यावर विरोधकाचं उत्तर, त्या उत्तरावर प्रवक्त्याचा टोला, असल्या बातम्यांत कुठलीच पायरी हलत नाही. त्या सोडून दिल्या तरी राजकारण समजायला काही कमी पडत नाही, उलट जागा मोकळी होते.

'करारावर सह्या झाल्या' म्हणजे तो लागू झाला ना?

नाही. हवामानबदल रोखण्यासाठीचा क्योटो करार १९९७ मध्ये स्वीकारला गेला आणि लागू झाला १६ फेब्रुवारी २००५ रोजी. मधली वर्षं देशोदेशीच्या संसदांच्या मान्यतेत गेली. अमेरिकेने त्यावर सही केली, पण मान्यता कधीच दिली नाही. उलट त्याच विषयावरचा पॅरिस करार १२ डिसेंबर २०१५ रोजी स्वीकारला गेला आणि ४ नोव्हेंबर २०१६ रोजी, म्हणजे वर्षाच्या आत, लागू झाला. अणुचाचण्यांवर संपूर्ण बंदी घालणारा करार १९९६ पासून सह्यांसाठी खुला आहे, तरीही तो लागू नाही, कारण ठराविक देशांची मान्यता त्यासाठी अनिवार्य आहे आणि त्यातल्या काहींनी ती दिलेली नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय कराराच्या बातमीत सही आणि मान्यता हे दोन वेगळे शब्द वेगळेच ठेवावेत.

मतचाचण्यांचे आकडे रोज द्यावेत का?

शक्यतो नको. हजारेक लोकांच्या नमुन्यात सुमारे ३ टक्क्यांची चूक दोन्ही बाजूंना गृहीतच असते. एका टक्क्याने कोणी पुढे गेला, ही बातमी नाही. अनेक चाचण्या आठवडेच्या आठवडे एकाच दिशेने सरकल्या, तर ती बातमी आहे.

ऊर्जेच्या बातम्यांतले आकडे नेमके कसे वाचायचे?

इथे जरा थांबू, कारण सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो.

मेगावॉट म्हणजे एखादं केंद्र एका क्षणी जास्तीत जास्त किती वीज देऊ शकतं त्याचं माप. मेगावॉट-तास म्हणजे ठराविक काळात प्रत्यक्ष किती वीज मिळाली त्याचं. १ मेगावॉट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरची १००० युनिटं. १००० मेगावॉटचं केंद्र वर्षभर, म्हणजे ८७६० तास, एका दमात पूर्ण ताकदीने चाललं तर ८७६ कोटी युनिटं देईल. पण असं कोणतंच केंद्र चालत नाही. चांगली चालवलेली अणुभट्टी क्षमतेच्या ९० टक्क्यांच्या आसपास वीज देते, म्हणजे सुमारे ७८८ कोटी युनिटं. सौर केंद्रात रात्र, ढग आणि उन्हाचा कोन यांमुळे हे प्रमाण २० टक्क्यांच्या आगेमागे राहतं, म्हणजे साधारण १७५ कोटी. तेव्हा 'सौर क्षमतेने अणुक्षमतेला मागे टाकलं' हा मथळा खरा असूनही वीज कोणाची जास्त, हे त्यातून कळत नाही.

याचा अर्थ सौर वीज कमी दर्जाची असाही काढू नये, आणि तो हटकून काढला जातो. ग्राहकाला महत्त्व युनिटच्या खर्चाचं आणि वीज कोणत्या वेळी मिळते याचं. २०१० च्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी घसरल्या. इतक्या कमी वापरातही सौर वीज परवडू लागली, ती त्यामुळेच.

बॅटरीच्या बातमीत तर दोन्ही आकडे हवेतच. '१०० मेगावॉटची बॅटरी' हे अर्धंच वाक्य आहे. तीच बॅटरी ४०० मेगावॉट-तासांची असेल, तर पूर्ण ताकदीने चार तास चालेल. १०० मेगावॉट-तासांची असेल, तर एकच तास. संध्याकाळची मागणी भागवायची असेल, तर सगळा फरक या दुसऱ्या आकड्यात आहे.

ऊर्जा आणि वीज एकच ना?

नाही, आणि ही गल्लत फार महागात पडते. जगात अंतिम वापरासाठी लागणाऱ्या एकूण ऊर्जेत विजेचा वाटा जेमतेम पाचव्या हिश्शाच्या आसपास आहे. बाकीची गाड्यांच्या टाक्यांत, कारखान्यांच्या भट्ट्यांत, घरं उबदार ठेवण्यात थेट जळते. एम्बर या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये जगातली ४० टक्क्यांहून अधिक वीज कार्बन न सोडणाऱ्या स्रोतांतून आली, आणि त्यात जलविद्युत व अणुवीजही धरलेली आहे. बातमी मोठीच आहे. पण तिचा मथळा '४० टक्के ऊर्जा स्वच्छ' असा झाला की ती सरळ खोटी होते.

तेलाचा भाव आज का बदलला, हे तुम्ही रोज का सांगत नाही?

कारण रोज सांगण्यासारखं ठाम कारण नसतंच. बाजार बंद होताना भाव वर असेल तर 'पुरवठ्याची चिंता', खाली असेल तर 'मागणीची चिंता' असं लिहून टाकण्याची पद्धत आहे. दोन्ही चिंता दोन्ही दिवशी असतात.

सांगण्यासारखं असतं ते भावाच्या मागचं. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा बॅरलला उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल विकणाराच पैसे देत होता. टाळेबंदीमुळे मागणी कोसळली होती, या वायद्यातलं तेल ओक्लाहोमातल्या कुशिंग इथे प्रत्यक्ष उचलावं लागतं, आणि तिथल्या टाक्यांत जागा मिळेनाशी झाली होती. त्याच दिवशी युरोपातल्या ब्रेंट तेलाचा भाव मात्र शून्याच्या वरच होता. 'तेल फुकट झालं' हा मथळा म्हणूनच चुकीचा होता. एका ठिकाणचं, एका महिन्याचं कंत्राट तेवढं उणे झालं होतं.

तेल निर्यातदारांच्या कपातीतही पायरी पाहावी. ऑक्टोबर २०२२ मध्ये ओपेक आणि त्यांच्या साथीदार देशांनी रोज २० लाख बॅरल उत्पादन कमी करण्याचं जाहीर केलं. त्यातले बरेच देश आधीच आपल्या कोट्यापेक्षा कमी तेल काढत होते, त्यामुळे प्रत्यक्ष घट त्याच्या निम्म्याच्या आसपासच राहणार होती. कपात होते ती कोट्यात. बाजारात तेल किती कमी आलं, हे नंतरच्या महिन्यांचे आकडे सांगतात.

मोठा वीजखंड झाला की लगेच दोषी कोण ते कळायला नको का?

कळायला हवं, पण ते लगेच कळत नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससमध्ये कडाक्याच्या थंडीत लाखो घरांची वीज गेली आणि गोठलेल्या पवनचक्क्यांची छायाचित्रं तासाभरात जगभर फिरली. पुढे नियामकांच्या चौकशीत दिसलं की बंद पडलेल्या क्षमतेत सर्वांत मोठा वाटा नैसर्गिक वायूवरच्या केंद्रांचा होता. यंत्रं गोठली होती आणि वायूचा पुरवठाही कोलमडला होता.

२८ एप्रिल २०२५ रोजी दुपारी स्पेन आणि पोर्तुगाल अंधारात गेले, तेव्हाही संध्याकाळपर्यंत कोणी सौर विजेला, कोणी सायबर हल्ल्याला जबाबदार धरून मोकळं झालं होतं. युरोपातल्या ग्रिड चालकांच्या तज्ज्ञांनी नंतर घटनाक्रम मांडला, तो व्होल्टेज नियंत्रणाबाहेर वाढत जाऊन एकापाठोपाठ एक केंद्रं तुटत जाण्याचा होता. या उत्तरात कोणत्याही बाजूच्या घोषणेला साजेसा खलनायक नाही. पहिल्या दिवशीच्या आढाव्यात म्हणून किती वाजता, कुठे, किती लोक आणि वीज कधी परत आली एवढंच असावं. कारणासाठी वेगळी नोंद ठेवावी आणि अहवाल आला की ती पुन्हा काढावी.

प्रीप्रिंटवर आधारलेली बातमी द्यावी की नाही?

द्यावी, पण 'प्रीप्रिंट' हा शब्द पहिल्याच वाक्यात असावा. आर्काइव्ह (arXiv) या खुल्या संग्रहावर १९९१ पासून भौतिकशास्त्रज्ञ आपले निबंध तपासणीआधीच सर्वांसमोर ठेवत आले आहेत. ही विज्ञानाची मोठी सोय आहे, कारण चूक लवकर सापडते.

जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने एलके-९९ हा पदार्थ खोलीच्या तापमानाला अतिवाहक असल्याचा, म्हणजे विजेला जराही प्रतिकार करत नसल्याचा दावा प्रीप्रिंटमध्ये केला. तो खरा ठरता, तर विजेच्या वहनापासून चुंबकांपर्यंत खूप काही बदललं असतं. जगभरच्या प्रयोगशाळांनी तो पदार्थ बनवून पाहिला, आणि काही आठवड्यांतच चित्र स्पष्ट झालं. प्रतिकारातली अचानक घट पदार्थात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे दिसत होती. मला ही बातमी आढाव्यासाठी आदर्श वाटते, कारण दावा, शंका, पडताळणी आणि निकाल या चारही पायऱ्या वाचकाला डोळ्यांसमोर बघता आल्या. ज्यांनी पहिल्या दिवशी 'शोध लागला' असं लिहिलं, त्यांच्या वाचकांना हे काहीच मिळालं नाही.

२०११ मध्ये ओपेरा या भौतिकशास्त्राच्या प्रयोगात न्यूट्रिनो या अतिसूक्ष्म कणांनी प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर मजल मारल्याचं दिसलं, तेव्हा शास्त्रज्ञांनी स्वतःच इतरांना चूक शोधायचं आवाहन केलं होतं. पुढे नीट न बसवलेली ऑप्टिकल फायबर केबल सापडली. याउलट लायगो या अमेरिकेतल्या वेधशाळेने गुरुत्वीय लहरींची नोंद १४ सप्टेंबर २०१५ रोजी केली आणि जाहीर केली ११ फेब्रुवारी २०१६ रोजी. मधले महिने तपासण्यात गेले.

केंद्रकीय संमीलनातून (फ्यूजनमधून) 'घातली त्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाली', हे खरं की खोटं?

खरं, पण 'घातली' म्हणजे कुठे, हे विचारावं. ५ डिसेंबर २०२२ रोजी अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेसरने इंधनाच्या लक्ष्यावर २.०५ मेगाज्यूल ऊर्जा सोडली आणि ३.१५ मेगाज्यूल बाहेर आली. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने हा ऐतिहासिक क्षण होता आणि त्याचं कौतुक हातचं न राखता करावं. पण ते लेसर चालवायला ग्रिडमधून सुमारे ३०० मेगाज्यूल घ्यावे लागले. वीज केंद्राच्या हिशेबात हा तिसरा आकडा येतो, आणि मथळ्यांतून नेमका तोच गळतो.

'अमुक खाल्ल्याने धोका १८ टक्क्यांनी वाढतो' अशा बातम्यांचं काय करावं?

मूळ धोका किती होता, ते शोधावं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो असा निष्कर्ष दिला. समजा आयुष्यभरातला मूळ धोका १०० मधल्या ५ जणांना असेल, तर तो ६ च्या आसपास जातो. १०० मधल्या २३ जणांना नाही. प्रक्रिया केलेलं मांस तंबाखूच्या गटात घातलं, अशीही बातमी तेव्हा झाली. तो गट पुरावा किती पक्का आहे हे सांगतो. धोका किती मोठा आहे, हे त्यातून ठरत नाही.

विज्ञानाच्या बातम्या सगळीकडे एकाच वेळी आणि जवळपास त्याच शब्दांत कशा येतात?

नियतकालिकं पत्रकारांना निबंध आधी देतात आणि ठरलेल्या वेळेपर्यंत न छापण्याची अट घालतात. 'नेचर'ची ती वेळ बुधवारी लंडनच्या दुपारी ४ ची असते, 'सायन्स'ची गुरुवारी. शब्द सारखे असण्याचं कारण विद्यापीठांची प्रसिद्धिपत्रकं. २०१४ मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासात ब्रिटनमधल्या २० विद्यापीठांची आरोग्यविषयक पत्रकं तपासली होती. ४० टक्के पत्रकांमध्ये लोकांना दिलेला सल्ला मूळ निबंधापेक्षा फुगवलेला होता. म्हणजे अतिशयोक्ती बऱ्याचदा वृत्तपत्रात पोहोचायच्या आधीच झालेली असते. उपाय साधा आहे: निबंधाचा सारांश आणि मर्यादांचा परिच्छेद स्वतः वाचावा.

तंत्रज्ञानातले विक्रम कसे तोलावेत?

विक्रम कोणत्या कामाचा, ते बघावं. डिसेंबर २०२४ मध्ये गुगलने विलो ही क्वांटम संगणकाची १०५ क्युबिटची (क्युबिट म्हणजे अशा संगणकाचा मूळ घटक) चिप जाहीर केली आणि महासंगणकाला कल्पनेपलीकडची वर्षं लागतील असं गणित पाच मिनिटांच्या आत केल्याचं सांगितलं. ते गणित खास तुलनेसाठी बेतलेलं असतं, त्याचा रोजच्या कामाला उपयोग नाही. त्याच घोषणेतली मोलाची गोष्ट वेगळी होती: क्युबिटची संख्या वाढवत नेली तशा चुका कमी होत गेल्या. या क्षेत्रातले लोक त्याचीच वाट बघत होते.

चिपच्या '३ नॅनोमीटर' या नावाचंही तसंच. त्या चिपवर ३ नॅनोमीटरचं काही मोजायला गेलात तर सापडणार नाही. ते पिढीचं नाव आहे.

एआय जगाची वीज संपवणार का?

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातल्या सगळ्या डेटा सेंटरनी मिळून सुमारे ४१५ अब्ज युनिटं वीज वापरली, म्हणजे जगाच्या वापराच्या दीड टक्का. त्यात एआयखेरीज इतर सगळी कामंही आली. २०३० पर्यंत हा आकडा ९४५ अब्जांच्या आसपास जाईल असं संस्थेचं गणित आहे. जगाच्या पातळीवर हा भार पेलण्याजोगा आहे. अडचण स्थानिक आहे. डेटा सेंटर एकमेकांना लागून उभी राहतात, आणि त्या भागातल्या ग्रिडला नवी वाहिनी आणि रोहित्र मिळेपर्यंत वर्षं जातात. म्हणून जगाचा एकूण आकडा देताना शेजारी त्या प्रदेशाचाही द्यावा.

२०२४ मध्ये तापमानवाढ १.५ अंशांच्या वर गेली, मग पॅरिस करार मोडला का?

एका वर्षामुळे मोडत नाही. करारातली मर्यादा दीर्घकालीन सरासरीबद्दल आहे आणि ती साधारण २० वर्षांच्या काळात मोजतात. जागतिक हवामान संघटनेनुसार २०२४ ची वाढ औद्योगिक काळापूर्वीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंश होती. 'करार संपला' आणि 'काही विशेष झालं नाही' ही दोन्ही वाक्यं चुकीची आहेत.

एआयकडून सारांश करून घेतला तर चालेल?

कच्च्या यादीसाठी चालेल, छापण्यासाठी नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन आणि बीबीसी यांनी १८ देशांतल्या प्रसारकांसह केलेल्या तपासणीत एआय सहायकांच्या बातम्यांवरच्या ४५ टक्के उत्तरांत किमान एक गंभीर दोष निघाला. आकडे, तारखा आणि कोण काय म्हणालं या तीन गोष्टी प्रत्येक वेळी माणसाने मूळ ठिकाणी जाऊन पाहाव्यात.

रोज इतकं वाचून दमायला होतं. दिवसाआड वाचलं तर?

खुशाल. वर सांगितलेल्या पायऱ्या दिवसागणिक फारशा हलत नाहीत, आणि शांतपणे वाचलेला एक दिवस धावत वाचलेल्या सातांपेक्षा जास्त देतो. दिवसातली वेळ मात्र ठरलेली असावी. रात्री झोपताना वाचू नका.

जुन्या बातम्या आढाव्यात परत परत का येतात?

त्या मुद्दाम आणाव्या लागतात, कारण घोषणेला जेवढी जागा मिळते तेवढी तिच्या पुढच्या प्रवासाला मिळत नाही. फ्रान्समध्ये उभ्या राहणाऱ्या ईटर या संमीलन प्रकल्पात पहिला प्लाझ्मा (संमीलनासाठी लागणारा अतितप्त वायू) २०२५ मध्ये होणार, असं २०१६ च्या आराखड्यात ठरलं होतं. जुलै २०२४ मध्ये नवा आराखडा मांडला गेला: संशोधनाची सुरुवात २०३४, ड्युटेरियम-ट्रिटियम इंधनासह काम २०३९. पहिली तारीख ज्याने वहीत टिपून ठेवली होती, त्यालाच दुसऱ्या बातमीचं वजन कळलं. म्हणून आढावा करणाऱ्याने बातमीतली प्रत्येक भविष्यातली तारीख वेगळी लिहून ठेवावी, महिन्याच्या पहिल्या दिवशी ती यादी उघडावी आणि मुदत उलटलेल्या प्रत्येक गोष्टीचं काय झालं, ते त्या दिवशीच्या आढाव्यात सर्वांत वर छापावं.